स्वस्त औजार आणि हलाल रोजी

वस्तू स्वस्त घेणे हा काही गुन्हा नाही. चार दुकाने फिरून, घासाघीस करून घेणाऱ्याला आपण व्यवहारी म्हणतो आणि सांगेल ती किंमत मोजणाऱ्याला भोळा. तरीही स्वस्ताईला नीतीचा प्रश्न विचारता येतो की नाही, हे एकदा तपासून पाहायला हवे. त्यासाठी आम्ही एक साधे उदाहरण घेतो. परदेशातून स्वस्तात आणलेल्या, सुतारकामाच्या विजेच्या मशीनचे.

कोकणातल्या मुस्लिम मोहल्ल्यांना हे उदाहरण परके नाही. रत्नागिरी-रायगडची माणसे कित्येक वर्षे आखाती देशांत कामाला जात आहेत. पूर्वी सुट्टीवर येणाऱ्याच्या सामानात टेपरेकॉर्डर, ब्लँकेट, अत्तर असे. पुढे ड्रिल मशीन, रंधा मशीन, जिगसॉ, राऊटरही येऊ लागले. दुबईतील देरा भागातली हार्डवेअरची दुकाने असोत की 2004 साली सुरू झालेला चिनी मालाचा ड्रॅगन मार्ट असो, तिथला भाव आणि तालुक्याच्या दुकानातला भाव यांत फरक दिसला की 'येताना एक मशीन घेऊन ये' असा निरोप जातो. आता तर परदेशी माल घरबसल्या मोबाइलवरूनही मागवता येतो.

या वस्तूचे एक वेगळेपण आधी ध्यानात घ्यावे. औजार म्हणजे निव्वळ माल नव्हे, ते कारागिराचा हात असते. हे केवळ भावनेचे बोलणे नाही. हनफी फिकहप्रमाणे कारागीर ज्या औजारांनी पोट भरतो, त्यांच्यावर जकात लागत नाही. आपल्या देशातल्या 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 प्रमाणे कर्जाच्या वसुलीसाठी कारागिराची औजारे जप्त करता येत नाहीत. परदेशातून परतणाऱ्यांसाठी केलेल्या 1998 च्या बॅगेज नियमांत तर सुतार, प्लंबर, वेल्डर आणि गवंडी यांची नावे घेऊन त्यांच्या कामाच्या साहित्याचा वेगळा विचार केलेला होता. शरीअत आणि देशाचा कायदा एरवी वेगळ्या वाटांनी चालतात. इथे मात्र दोघांनीही औजाराला इतर मालमत्तेपासून वेगळे काढले आहे.

आमच्या परंपरेतही या हुन्नराला मान आहे. हजरत नूह (अ.) यांनी नौका बांधली. हजरत जकरिया (अ.) सुतार होते असे हदीसमध्ये येते. मदिनेच्या मशिदीतला मिंबर एका अन्सारी स्त्रीकडच्या सुतारकाम जाणणाऱ्या गुलामाने घडवला. तेव्हा गरीब सुताराचा पोरगा बाहेरून स्वस्तात मशीन मागवून स्वतःचे काम सुरू करू पाहतो, त्याला 'देशी माल घे, दुकानदाराचे पोट बघ' असा उपदेश करण्याचा अधिकार आम्हाला नाही. हाताने रंधा मारून एक फळी साफ व्हायला जो वेळ लागतो, त्यात मशीनवर कितीतरी फळ्या होतात. किमतीतला फरक त्याच्यासाठी चैनीचा नसतो. दुसऱ्याच्या हाताखाली राबायचे की स्वतःचा धंदा करायचा, हे त्या फरकावर ठरते.

मग प्रश्न उरतो कुठे? स्वस्ताई कुठून आली, यात तो आहे.

मदिनेत भाव चढले तेव्हा लोकांनी भाव बांधून देण्याची विनंती केली. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी ती मान्य केली नाही. याचा अर्थ बाजाराचा चढ-उतार त्यांनी बाजारावर सोडला. पण त्याच प्रेषितांनी आणखी एक गोष्ट मना केली. बाहेरगावाहून माल घेऊन येणाऱ्या तांड्याला गावाबाहेर गाठून, त्याला बाजारभाव कळण्याआधीच त्याचा माल विकत घ्यायचा नाही. तसे कोणी केलेच, तर विकणाऱ्याला बाजारात आल्यावर सौदा मोडण्याचा हक्क राहतो. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की कसोटी हाती येते. मेहनतीने, कौशल्याने किंवा मोठ्या उत्पादनामुळे आलेली स्वस्ताई हलाल आहे. दुसऱ्याच्या अज्ञानावर किंवा लाचारीवर मिळवलेली स्वस्ताई तशी नाही.

ही कसोटी मशीनला लावून पाहू. एखादा कारखाना हजारोंनी मशीन बनवतो, म्हणून त्याला एक मशीन कमी खर्चात पडते. त्यात आक्षेपार्ह काही नाही. पण कधी कधी किंमत उतरते ती दुसऱ्याच कारणाने. नामांकित मशीनचा रंग आणि जवळपास तेच नाव घेऊन नक्कल बाजारात येते. फिरत्या पात्यावरचे झाकण तकलादू असते किंवा नसतेच. दुहेरी इन्सुलेशनची खूण, म्हणजे चौकोनात चौकोन, छापलेली असते, पण आत ते इन्सुलेशन नसते. भुसा ओढून घेणारी पिशवी गाळलेली असते. लाकडाची बारीक धूळ काही साधी गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात ती माणसाला निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या गटात टाकली आहे. म्हणजे किमतीतून जे कापले गेले ते कारागिराच्या बोटांतून आणि फुप्फुसांतून कापले गेले.

विजेचीही गोष्ट तशीच. सौदी अरेबियात घरांना पुष्कळ काळ 127 व्होल्टचा पुरवठा होता. तो टप्प्याटप्प्याने 230 व्होल्टवर नेण्याचे तिथे 2010 साली ठरले. त्या कमी व्होल्टचे मशीन आपल्याकडच्या 230 व्होल्टला थेट जोडले तर जळते. मशीन दुबईचे असेल तर व्होल्टेजची अडचण नाही, पण त्याचा चौकोनी पिनांचा प्लग आपल्या गोल भोकांत बसत नाही. मग प्लग कापून वायरीची टोके काडेपेटीच्या काड्यांनी सॉकेटात खोचण्याचे प्रकार होतात. प्लगचे चार पैसे वाचतात, आणि जीव टांगणीला लागतो.

दुसरा मुद्दा खोटेपणाचा. कस्टममध्ये किंमत कमी दाखवायची, नवे मशीन खोक्यातून काढून जुने म्हणून आणायचे, मागवलेल्या मालावर 'भेटवस्तू' लिहायचे. सरकारी कर चुकवणे ही काही चोरी नव्हे, असे म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत. कर योग्य की अयोग्य हा वाद करता येईल. पण कागदावर खोटे लिहिणे योग्य की अयोग्य, हा वाद होऊच शकत नाही. ज्या औजाराने हलाल रोजी कमवायची, त्याची पहिली नोंदच खोटी असावी हे बरे नव्हे.

तिसरी बाजू गावातल्या दुकानदाराची. त्याच्याकडून घेतलेच पाहिजे असे बंधन कोणावर नाही. परंतु घेण्याचा इरादा नसताना त्याच्या दुकानात अर्धा तास बसायचे, मशीन हाताळायचे, कोणते पाते कोणत्या लाकडाला चालते हे विचारून घ्यायचे आणि नंतर ऑर्डर दुबईला द्यायची, हा त्याच्या वेळेचा आणि ज्ञानाचा फुकट वापर आहे. पुढे कार्बन ब्रश झिजला, आर्मेचर जळले की तेच मशीन घेऊन त्याच्याच दारात उभे राहायचे आणि तो मजुरी मागतो म्हणून कुरकुर करायची! वर्गात नफा-तोट्याची गणिते शिकवताना आम्ही खरेदी किंमत आणि विक्री किंमत तेवढी मांडतो. दुकानदाराने न विकताच दिलेले ज्ञान कोणत्या रकान्यात लिहायचे, हे पाठ्यपुस्तक सांगत नाही.

इथे कोणी म्हणेल, इतका विचार करून गरिबाने खरेदी करायची कशी? हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच जबाबदारी सर्वांवर सारखी टाकणे आम्हाला न्यायाचे वाटत नाही. जो सुतार स्वतःच्या पैशाने मशीन घेतो आणि स्वतःच्या हातात धरतो, तो निदान स्वतःचा धोका स्वतः पत्करतो. त्याला समजावून सांगावे, दोष देऊ नये. खरा हिशेब त्या मालकाचा आणि ठेकेदाराचा आहे, जो सर्वांत स्वस्त मशीन आणतो आणि दुसऱ्याच्या हातात देतो. पैसे त्याचे वाचतात, बोट कामगाराचे जाते. झाकण नसलेल्या पात्यासमोर रोजंदारीवर आलेला पोरगा उभा असतो. भुसाही तोच झाडतो. मजुराला घाम सुकण्याआधी मजुरी द्यावी ही शिकवण आपण तकरीरीत मोठ्या आवाजात ऐकवतो. त्या मजुराच्या हाती धड औजार देणे हादेखील त्याच शिकवणीचा भाग मानायला हवा.

स्वतःसाठी जे पसंत करतो तेच भावासाठी पसंत करावे, असे आपला दीन सांगतो. तेव्हा परदेशातून मशीन जरूर मागवावे, स्वस्त मिळाले तर अल्लाहचे आभार मानावेत. मात्र किंमत विचारण्याबरोबर आणखी दोन गोष्टी विचाराव्यात. हे इतके स्वस्त का आहे, आणि हे चालवणार कोण? चालवणारा आपलाच मुलगा असता तरी हेच मशीन आणले असते, असे मालकाला मनापासून म्हणता आले तर सौदा चांगला झाला. नाहीतर तो वाचलेला पैसा त्याचा नाही, मशीनपुढे उभ्या असलेल्या त्या पोराचा आहे.