दया कोणावर करायची?

अमेरिकेतील युटा-नेवाडाच्या कोरड्या डोंगरउतारांवर म्यूल डिअर या हरणाच्या नराची शिंगे दर हिवाळ्यात गळतात आणि वसंतात पुन्हा फुटतात. मखमली कातडीखाली झपाट्याने वाढणारे ते हाडच असते. पण शरीर आधी, शिंगे नंतर. पावसाने दगा दिला, झुडपांचे कोवळे शेंडे करपले, की मिळेल तेवढा चारा जगण्यातच खर्ची पडतो आणि शिंगे तोकडी राहतात. उपाशी मादीचे पाडसही पुढे लहानखुरेच राहू शकते.

शिकाऱ्याचा डोळा मात्र भरदार शिंगांवर. ती यायला पाच-सहा वर्षे लागतात. शिकार वाढली की कळपात कोवळे नरच उरतात.

मग बंदूक खाली ठेवणे हीच भूतदया का?

अ‍ॅरिझोनाच्या कैबाब पठारावर १९०६ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हरणांना अभय दिले. सरकारी शिकाऱ्यांनी प्यूमा आणि कोयोटी मारले. कळप फुगले, चारा संपला आणि १९२४-२५च्या सुमारास हरणे भुकेने मेली. नेमक्या आकड्यांवर अभ्यासक आजही भांडतात.

तरुणपणी लांडगे मारणारे अमेरिकी वनाधिकारी आणि लेखक आल्डो लिओपोल्ड यांनी पुढे माती, पाणी, झाडे, प्राणी यांना मिळून एकच नैतिक समाज मानले. अहिंसेचा विचार मात्र एकेका जिवापासून सुरू होतो. भुकेने मरणाऱ्या पाडसाला कळपाच्या भल्याचे काय? आणि गोळी लागलेल्या नराला तरी काय?

२०२१च्या दुष्काळात युटाने शिकारीचे परवाने कमी केले. शिकार थांबली नाही.