विकलेल्या यंत्रावर हक्क कोणाचा?

सोनीने २००६ मध्ये प्लेस्टेशन ३ हा गेम कन्सोल बाजारात आणला, तेव्हा त्यावर लिनक्स ही संगणक प्रणाली चालवण्याची सोय कंपनीनेच दिली होती. १ एप्रिल २०१० रोजी आलेल्या अपडेटने ती काढून घेतली. अपडेट नाकारता येत होते. पण नाकारणाऱ्याला प्लेस्टेशन नेटवर्कवर प्रवेश बंद. पैसे मोजून घरी आणलेल्या वस्तूचा एक भाग विक्रेत्याने असा परत नेला. अमेरिकेत ग्राहकांनी सामूहिक दावा लावला आणि सोनीला तडजोड करावी लागली.

आजच्या फोनमधला पहारा याहून बारीक आहे. फोन सुरू होताना प्रत्येक टप्पा पुढच्या टप्प्याची डिजिटल सही तपासतो. मालकाने बूटलोडर, म्हणजे प्रणाली सुरू करणारा प्रोग्राम, उघडून दुसरी प्रणाली बसवली, की चिप त्याची नोंद ठेवते आणि अ‍ॅपने विचारताच ती पुढे करते. सॅमसंगच्या अनेक फोनांत तर अशा वेळी एक सूक्ष्म फ्यूज कायमचा जळतो. मूळ प्रणाली परत घातली तरी सॅमसंग पे ही पैसे देण्याची सेवा चालत नाही.

या तपासणीमागे कारण आहे. रूट केलेल्या, म्हणजे प्रणालीचे सर्वाधिकार खुले केलेल्या, फोनात शिरलेले घातक अ‍ॅप बँकेचे व्यवहार वाचू शकते. फेरफार केलेल्या कन्सोलवरून फसवणारा खेळाडू इतरांचा खेळ नासवतो. पण ही यंत्रणा मुख्यतः फोन कंपनीमान्य आहे का, हे पाहते. सुरक्षित आहे का, हे नव्हे. म्हणूनच वर्षानुवर्षे सुरक्षा-अपडेट न मिळालेला जुना फोन अनेक अ‍ॅपांना चालतो आणि ताजी, नीट राखलेली स्वतंत्र प्रणाली चालत नाही. यंत्राला बदल दिसतो, हेतू दिसत नाही. आपल्या प्रताधिकार कायद्यात २०१२ साली आलेले कलम ६५अ मात्र हेतू विचारते: हक्कभंगाच्या इराद्याने डिजिटल कुलूप तोडले, तर गुन्हा.

मे २०२५ मध्ये कन्सोल बनवणाऱ्या निन्टेन्डोने अमेरिकेतल्या वापरकर्ता-करारात नवी अट घातली: नियम मोडल्यास कन्सोल पूर्णतः वा अंशतः कायमचे निकामी करता येईल. ग्राहकाला दुकानात येऊ न देणे वेगळे आणि त्याच्या घरी जाऊन विकलेली खुर्ची मोडणे वेगळे.

सेवा कंपनीची आहे, तिने ती जरूर नाकारावी. यंत्र विकत घेणाऱ्याचे आहे. ते निकामी करण्याचा अधिकार कोणत्याही कराराने विक्रेत्याला मिळता कामा नये.