आधी नोकरी की आधी देश?

गेल्या पेसाहच्या सुमारास ठाण्याहून आमच्या एका आतेबहिणीचा फोन आला. मुलगा अभियंता, वय अठ्ठावीस. हॉलंडमधील आइंडहोवन शहरातील एका कंपनीने त्याला नोकरीचे पत्र दिले आहे. "भाऊ, त्याला तिकडे धाडू की तुमच्याकडे इस्रायलला? तुमच्याकडे यायला नोकरी लागत नाही, पण आल्यावर नोकरीचे काय? तिकडे नोकरी आहे, पण आपले कोण आहे?" आम्ही त्या वेळी "विचार करून सांगतो" एवढेच म्हणालो. वाचकहो, असा फोन आमच्या एकट्याच्याच घरी येत असेल असे नाही, म्हणून तो विचार येथे मांडीत आहोत.

प्रथम हॉलंडचा कायदा. २००४ सालापासून तेथे 'केनिसमिग्रंट' म्हणून एक परवाना आहे; शिकल्यासवरल्या परदेशी माणसासाठी तो काढला. त्याचा अर्ज माणूस स्वतः करीत नाही, सरकारमान्य कंपनी करते. किमान पगार ठरलेला असतो: २०२५ साली तिशीच्या आतल्याला दरमहा ४,१७१ युरो, तिशी गाठलेल्याला ५,६८८. नोकरी गेली तर दुसरी शोधण्यास फार तर तीन महिने मिळतात. तेवढ्यात अशीच दुसरी कंपनी मिळाली नाही तर परवान्यावर पाणी. बायकोला मात्र कोठेही काम करण्याची मोकळीक असते, हे चांगले.

आमच्या इकडे सारे उलटे. १९५० चा परतीचा कायदा पगार विचारीत नाही. परंतु विचारीत नाही म्हणजे मिळतो असे नव्हे, हे आपल्या म्हाताऱ्यांना कोणी सांगायला नको. मुंबईत कचेरीत बसणारा माणूस येथे आला आणि हाती फावडे आले, अशी उदाहरणे घरोघर आहेत. १९५१-५२ साली आपल्यापैकी काही कुटुंबांनी तेल अवीवमध्ये सत्याग्रह केला आणि ती भारतात परत गेली. पुढे त्यांतली बरीचशी पुन्हा येथे आली. हक्क होता म्हणून परत येता आले, ही गोष्ट विसरता कामा नये.

आणि नोकरी आधी, देश मागून, हा मार्ग आपल्याला नवा थोडाच आहे? कराची, एडन, रंगून येथे आपले आजे-पणजे पलटणीच्या नाही तर रेल्वेच्या हुकुमानेच गेले. कराचीला १८९३ साली प्रार्थनालय उभे राहिले ते अशा नोकरदारांच्या वस्तीमुळेच. मग अडचण कसली?

अडचण अशी की नोकरीच्या कागदावर बोलावले जाते ते कोणाला, हे पाहावे लागते. माणसाला की त्याच्या हातांना? हॉलंडच्याच इतिहासात याचा एक दाखला आहे. ५ जून १८७३ रोजी 'लल्ला रूख' हे जहाज कलकत्त्याहून डचांच्या सुरिनाम वसाहतीत पोहोचले. त्यात बिहार-संयुक्त प्रांताकडचे मजूर होते. जहाजावर चढण्याआधीच त्यांची नोकरी ठरलेली होती: पाच वर्षांचा करार. पण काम सोडले तर गुन्हा आणि शिक्षा. १९१६ पर्यंत अशी सुमारे चौतीस हजार माणसे गेली. पुढे १९७५ साली सुरिनाम स्वतंत्र झाले, त्या सुमारास त्यांची नातवंडे-पतवंडे हजारोंनी हॉलंडला आली. हेग शहरात त्यांची मोठी वस्ती आहे. ती आली डच नागरिक म्हणून. बहुतेकांच्या हाती नोकरी नव्हती, पण हाकलून देण्याची सोयही कोणाच्या हाती नव्हती. आजोबांपाशी काम होते आणि हक्क नव्हता. नातवांपाशी हक्क होता आणि काम नव्हते. आमच्या बहिणीचा प्रश्न तो हाच.

अर्थात आजचा अभियंता म्हणजे गिरमिटिया मजूर नव्हे. तो कंपनी बदलू शकतो, राजीनामा देऊ शकतो, पाच वर्षांनी भाषेची परीक्षा देऊन कायमचा परवाना मागू शकतो. यजमानाच्या घरी आपली शिदोरी घेऊन जाण्यात कमीपणा नाही, उलट मान आहे. तरीही ज्याच्या डोक्यावर तीन महिन्यांची तलवार असते तो साहेबासमोर खरे बोलताना दोनदा विचार करतो, आणि आमच्या मते या व्यवस्थेतला दोष तोच आहे. पगार कमी पडतो हा दोष नव्हे. माणूस गप्प राहायला शिकतो, हा.

याच हेगमध्ये स्पिनोझा राहत असे. त्याच्या धर्ममताशी आम्हांस येथे कर्तव्य नाही. आमस्टरडॅमच्या ज्यू समाजाने त्याला १६५६ सालीच बहिष्कृत केले होते. परंतु १६७३ साली त्याला हायडेलबर्ग विद्यापीठाचे पत्र आले: प्राध्यापकपद घ्या, विचाराचे पूर्ण स्वातंत्र्य राहील, फक्त प्रस्थापित धर्माला धक्का लावू नये. परदेशातली नोकरी, मान, पगार, सारे आधीच ठरलेले. सुमारे सहा आठवड्यांनी त्याने नकार कळविला. त्या स्वातंत्र्याची हद्द कोठे संपते हे आपल्याला कळत नाही, अशा अर्थाचे एक कारण त्याने दिले. भिंगे घासणाऱ्या माणसाने हे लिहावे, याचे आम्हांस फार कौतुक वाटते.

दुसरी बाजूही आहे. कित्येक तरुण देशात शिरण्यापुरती नोकरी धरतात आणि पाय टेकताच सोडतात. कंपनीने अर्ज केला, खर्च केला, जबाबदारी घेतली. तिला शिडी समजून लाथ मारणे आम्हांस पटत नाही. मनात दोन वर्षांचाच बेत असेल तर तसे आधी सांगावे. नोकरी गेलीच तर गेली, पण पुढच्या आपल्या मुलासाठी दार बंद होणार नाही.

आठवड्याने आम्ही भाच्यालाच फोन केला. म्हणालो, बाबा रे, पत्र नीट वाच. कंपनीने काढून टाकल्यास घराचे भाडे, परतीचे तिकीट, कामाचा दाखला यांचे काय, हे लेखी विचार. उत्तर काय येते त्यावरून ती माणसे तुला कोण समजतात ते कळेल. त्याने विचारले. चार दिवसांनी दोन पानी उत्तर आले, प्रत्येक प्रश्नाला वेगळे. परतीच्या तिकिटाला चक्क 'नाही' लिहिले होते. ते वाचून त्याने सही केली.

आतेबहीण आता कोकम आणि पोह्यांचे डबे भरीत आहे. इस्रायलचा हक्क काही कोठे पळून जात नाही, असे आम्ही तिला सांगितले. "ते ठीक आहे भाऊ, पण तिकडे थंडी किती असते?" असे तिने विचारले.