विरघळण्याचं मोल

जालन्याच्या एमआयडीसीत पावसाळ्यात फिरलं की रोलिंग मिलच्या आवारात रचलेल्या सळयांवर तांबूस गंज, म्हणजे लोखंडाचा ऑक्साइड, चढलेला दिसतो. भंगार वितळवून सळई ओढणाऱ्या या शहराला ऑक्साइड म्हणजे नुकसान, हे वेगळं शिकवावं लागत नाही. गंजाचे पापुद्रे सुटतात, आतलं लोखंड उघडं पडतं आणि तेही झिजू लागतं.

टायटॅनियमचा ऑक्साइड मात्र धातूला धरून राहतो. हवा लागताच काही नॅनोमीटर जाडीचा थर बसतो आणि तोच त्याचं कवच होतो. १९५२ साली स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी सशाच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा भाग काढायला घेतला, तर तो निघेना. हाड त्याला घट्ट जुळलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे खुंट बसवले. १९७२ मध्ये जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी याच ऑक्साइडवर अतिनील प्रकाश पाडला की पाण्याचं विघटन होतं, हे दाखवलं. कवच आता काम करू लागलं होतं.

काम पृष्ठभागावर होत असेल, तर पृष्ठभाग वाढवायला हवा. त्यासाठी जुनीच वाट उपयोगी पडली. खिडक्यांच्या ॲल्युमिनियम पट्ट्यांवर करतात ते ॲनोडायझिंग, म्हणजे धातूला धन टोक जोडून द्रावणात त्याच्यावर ऑक्साइड वाढवणं. साध्या द्रावणात टायटॅनियमवर सपाट, घट्ट थर येतो आणि वाढ थांबते. ती थांबू द्यायची नसेल, तर थर विरघळवणारं काहीतरी हवं. ते काम फ्लोराइड करतं. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या विहिरींच्या पाण्यातून दात डागाळणारं म्हणून आपल्याला माहीत असलेलं हेच फ्लोराइड.

१९९९ मध्ये फ्रान्समधल्या झ्विलिंग आणि सहकाऱ्यांना फ्लोराइड असलेल्या द्रावणात आपोआप मांडणी झालेली छिद्रं दिसली. २००१ मध्ये अमेरिकेत क्रेग ग्राइम्स यांच्या गटाने या ऑक्साइडच्या सरळ उभ्या नळ्या मिळवल्या. त्या गटात ऊमन वर्गीस हे भारतीय संशोधकही होते. पण नळ्यांची लांबी अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपास अडली. खाली विद्युतदाबाने ऑक्साइड वाढत होता आणि वर द्रावणातलं आम्ल त्याला तितक्याच वेगाने खात होतं.

इथे विचाराने वळण घेतलं. विरघळणं बंद केलं तर नळीच होत नाही, मोकळं सोडलं तर नळी उरत नाही. मग ते मंद करायचं. जर्मनीतल्या एर्लांगेनमध्ये श्मुकी यांच्या गटाने २००५ मध्ये घट्ट ग्लिसरीनचं द्रावण वापरून गुळगुळीत नळ्या वाढवल्या. पुढे इथिलीन ग्लायकॉल, थोडंसं अमोनियम फ्लोराइड आणि मोजकं पाणी हे मिश्रण रुळलं. २००७ मध्ये ग्राइम्स यांच्या गटाने एक मिलिमीटर लांबीच्या नळ्यांची नोंद केली. नळीची रुंदी साधारण केसाच्या हजाराव्या भागाएवढी असते आणि ती मुख्यतः विद्युतदाबावर ठरते. नंतर ४५० अंशांच्या आसपास तापवलं की त्यांना स्फटिकरूप येतं.

आज या नळ्यांचा विचार हाडातल्या खुंटांवर औषध भरून ठेवण्यासाठी, हायड्रोजन ओळखण्यासाठी आणि प्रदूषक तोडण्यासाठी होतो. मर्यादाही स्पष्ट आहे : हा ऑक्साइड प्रामुख्याने अतिनील किरणच शोषतो आणि सूर्यप्रकाशात त्यांचा वाटा जेमतेम चार-पाच टक्के.

मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचं मराठवाडा केंद्र २०१८ पासून जालन्यात आहे. भट्टी आणि प्रयोगशाळा एकाच गावात असणं ही मोठी संधी आहे. इथल्या मुलांना माझं सांगणं एवढंच : गंजाला फक्त शत्रू मानून पुसून टाकू नका. तो का चढतो, कुठे थांबतो, किती वेगाने विरघळतो, हे मोजा. टायटॅनियमच्या ऑक्साइडच्या नळ्या अशाच मोजण्यातून उभ्या राहिल्या.