'किंवा'ची उपेक्षा

गणितज्ञ जॉर्ज बूलने १८५४ साली विचारांचे नियम बीजगणिताच्या भाषेत मांडले. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी, अमेरिकेत मॉर्टिमर टाउबे यांनी प्रत्येक विषय-शब्दासाठी एक कार्ड ठेवून त्यावर दस्तऐवजांचे क्रमांक लिहिण्याची पद्धत रूढ केली. दोन कार्डे शेजारी धरायची आणि दोन्हींवर असलेले क्रमांक उचलायचे, म्हणजे बूलचा 'आणि' हातानेच चालवायचा. पुढे संगणकाने हेच काम हाती घेतले. 'आणि' लावला की शोध आवळतो, 'किंवा' लावला की पसरतो, आणि 'नाही' लावला की काही कागद बाहेर जातात. कधी कधी कामाचेसुद्धा.

या पद्धतीची खरी परीक्षा ब्लेअर आणि मॅरन या संशोधकांनी १९८५ साली प्रसिद्ध केली. एका मोठ्या दाव्यातले सुमारे ४०,००० दस्तऐवज संगणकात होते. कामाच्या कागदांपैकी निदान ७५ टक्के आपल्याला मिळाले, असे वकिलांना वाटत होते. प्रत्यक्षात मिळाले होते सरासरी २० टक्के. गंमत म्हणजे हाती आलेल्यांतले बहुतेक कागद उपयोगाचेच होते, त्यामुळे शंका यायला जागाच नव्हती. ज्याला एक पक्ष 'अपघात' म्हणत होता, त्याच गोष्टीला दुसऱ्या पक्षाची माणसे 'घटना', 'परिस्थिती', 'अडचण' म्हणत होती.

या निकालावरून बूलची पद्धतच मोडीत काढणे मला पटत नाही. चूक तर्काची नव्हती, 'किंवा'च्या कंजूषपणाची होती. 'आणि' लावायला आपली गरज ठाऊक असली की पुरते. 'किंवा' लावायचा तर समोरच्या माणसाने, विरोधकानेसुद्धा, हीच गोष्ट कशी लिहिली असेल याचा विचार करावा लागतो. शिवाय बूली प्रश्न, म्हणजे 'आणि', 'किंवा', 'नाही'ने जोडलेला शोध, कागदावर उतरतो. वैद्यकातल्या पद्धतशीर आढाव्यांत तो जसाच्या तसा छापतात, म्हणून कुणालाही तो पुन्हा चालवून त्यातली उणीव दाखवता येते. क्रमवारी लावून निकाल देणाऱ्या यंत्राला मात्र 'हा कागद मागे का पडला?' असे सहज विचारता येत नाही.

आपल्या जुन्या वृत्तपत्रांत पटकीची साथ शोधणाऱ्याला 'जरीमरी', 'महामारी', 'कॉलरा' हे सगळे 'किंवा'ने जोडावे लागतात. १९६२च्या लेखननियमांपूर्वीच्या मजकुरात 'नाव' शोधताना 'नांव'ही द्यावे लागते. असे जोड आधीच करून ठेवलेली मराठी शब्दसूची जुन्या अंकांच्या डिजिटल संग्रहांसोबत मिळायला हवी, आणि ती करायला जुनी मराठी वाचलेली माणसेच बसवायला हवीत.