हप्ता कोण भरणार?

उभा राहा. आणि हसू नकोस, कौतुक करायला उठवलेलं नाही.

आराखड्याच्या पानापानावर ‘धाडस’ लिहिलंस, ‘उधारी’ मात्र एकदाही नाही. वडिलांच्या सातबाऱ्यावर बोजा चढवून चहाच्या दुकानाची फ्रँचायझी घ्यायची आणि सहा महिन्यांत दुसरी शाखा! पहिल्या दुकानाचं भाडं गल्ल्यातून निघतं का, हे कळायच्या आधीच? धंदा बसला तर हप्ता कोण भरणार, तेवढंच लिहायचं राहिलं. तुला भीती कशी वाटेल? जमीन जाणार ती बापाची.

वर दाखला उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांचा. म्हणे, नोकरीला लाथ मारली! अरे, चरित्र उघडून तरी बघायचंस. मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत असतानाच ते सायकली घेऊन बेळगावला पाठवत आणि भाऊ रामूअण्णा त्या तिथं विकत. पगार चालू होता. बढतीत डावललं तेव्हा नोकरी सोडली, पण तोवर बेळगावात दुकान चालतं झालं होतं. मग त्यांनी बनवलेला लोखंडी नांगर, 1903 चा. शेतकरी म्हणाले, लोखंडानं जमीन नासते. नांगर पडून राहिले, पण कडबा कापायची यंत्रंही ते करत होते. सगळं एका नांगरावर लावलं नव्हतं. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा 1910 मध्ये औंध संस्थानातल्या कुंडलच्या निवडुंगाच्या माळावर बिऱ्हाडं हलवली. उडी ती! पण मालाची पारख झाल्यावर, कारागीर हाताशी असताना मारलेली.

आणि मागच्या बाकावरच्या शहाण्या, तू कशाला दात काढतोस? वडिलांच्या वर्कशॉपला मोठी ऑर्डर आली तर नाकारावी, असं तूच लिहिलंस ना? कारण काय, तर माणसं वाढवावी लागतील. गिऱ्हाइकाकडे आगाऊ रक्कम मागून पाहिलीस? काही काम बाहेरून करून घेता येईल का, विचारलंस? एक पाळी वाढवली तर खर्च किती, मांडलास? परत पाठवलेलं गिऱ्हाईक शेजारच्या वर्कशॉपमध्ये जातं आणि तिथलंच होतं. तो तोटा तुमच्या वहीत दिसत नाही, म्हणून तू स्वतःला सावध समजतोस. हा बेफिकीर, तू भित्रा. हिशेब दोघांनीही केलेला नाही.

उद्या दोघांनीही एकेक पान आणायचं. विक्री निम्मी झाली तर भाडं, पगार, हप्ता किती महिने निघेल? कोणत्या आकड्याला हात आखडता घ्यायचा? आणि चहावाल्या, तू त्या पानावर वडिलांची सही आण. त्यांना सगळं वाचून दाखवून.

बसा.