उपास, उपासमार आणि सायकल

इंदूरच्या रस्त्यांवर सकाळच्या वेळी दोन प्रकारची माणसे सायकल चालवताना दिसतात. एकाच्या डोक्यावर हेल्मेट असते, अंगावर घाम टिपणारे घट्ट कपडे असतात, आणि तो महूच्या दिशेने किंवा रालामंडलच्या टेकडीपर्यंत जाऊन न्याहारीला घरी परततो. दुसऱ्याच्या हँडलला जेवणाच्या डब्याची पिशवी लटकलेली असते, पायांत चप्पल असते, आणि तो सांवेर रोडवरील एखाद्या कारखान्याकडे किंवा कुठल्याशा बांधकामावर निघालेला असतो. दोघांची क्रिया एकच आहे. तरीही पहिल्याला आपण ‘सायकलपटू’ म्हणतो आणि दुसऱ्याला ‘सायकलवाला’. ‘पटू’ हे कौशल्याचे बिरुद आहे. ‘वाला’ ही भाजीवाला, पेपरवाला यांच्या पंक्तीतली ओळख आहे. भाषेने केलेला हा भेद निव्वळ सामाजिक शिष्टाचाराचा भाग मानावा, की त्याच्या मुळाशी काही नैतिक प्रश्न आहे, याचा विचार करावयाचा आहे.

अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी स्वातंत्र्याची चर्चा करताना उपाशी राहणाऱ्या दोन माणसांचे उदाहरण दिले आहे. एक अन्न असूनही न खाणारा, दुसरा अन्न नसल्यामुळे न खाणारा. दोघांच्या पोटाची स्थिती एकच, परंतु दोघांच्या जीवनाची स्थिती एक नव्हे. कारण पहिल्याच्या हाती निवड आहे. आपल्या भाषेने हा सिद्धान्त दोन शब्दांत केव्हाच बांधून ठेवला आहे : उपास आणि उपासमार. एका ‘मार’ या प्रत्ययाने पुण्याचे रूपांतर आपत्तीत होते. सायकलचेही तसेच आहे. निवडलेली सायकल हा उपास आहे, न निवडलेली ही बऱ्याचदा उपासमार आहे. येथपर्यंत सेन आपल्याबरोबर आहेत. पुढचा प्रश्न मात्र आपला आपल्यालाच सोडवावा लागतो. उपास करणारा माणूस उपासमार सोसणाऱ्याचे काही देणे लागतो काय?

या वाहनाचा इतिहास या प्रश्नाला अनुकूल आहे, कारण ते या दोन्ही टोकांवर राहून आले आहे. १८८५ मध्ये इंग्लंडात जॉन केंप स्टार्ले यांनी दोन सारख्या चाकांची, साखळीने चालणारी ‘रोव्हर’ बनविली आणि १८८८ मध्ये डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. त्या वेळी सायकल ही सुखवस्तू माणसाची चैन होती. पुढे उत्पादन वाढले, किंमत उतरली आणि ती कामगाराची झाली. आपल्याकडेही हाच क्रम दिसतो. विलायती सायकल ही एके काळी घराण्याची प्रतिष्ठा होती. १९५१ मध्ये सोनिपतला ‘ॲटलस’ आणि १९५६ मध्ये लुधियान्याला ‘हीरो’ सुरू झाल्यानंतर ती मास्तरांची, कारकुनांची आणि गिरणी कामगारांची झाली. मालवा मिल, हुकुमचंद मिल यांच्या पाळ्या सुटल्या की सायकलींनी रस्ते भरून जात, हे येथल्या जुन्या घरांतील वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली आणि तिच्या कामगारांच्या थकीत रकमेचा प्रश्न सुटण्यास डिसेंबर २०२३ उजाडावा लागला. त्या बत्तीस वर्षांत आपल्या घरांतील सायकल ओसरीवरून माळ्यावर गेली. तिच्या जागी लूना आली, मग स्कूटर, मग मोटार. कामगारांच्या अनेक घरांत ती ओसरीवरच राहिली. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल होती आणि मोटार पाच टक्क्यांहूनही कमी कुटुंबांकडे. ज्या वाहनाला आपण कालबाह्य समजत होतो, ते त्या वेळीही या देशाचे सर्वाधिक घरांत असलेले वाहन होते.

आता तीच सायकल नव्या नावांनी सुखवस्तू घरांत परतली आहे. त्यांपैकी ‘ग्रॅव्हल बाइक’ या प्रकाराकडे पाहू. ग्रॅव्हल म्हणजे खडी किंवा मुरूम. अमेरिकेच्या मध्य भागात शेतांमधून जाणारे मैलोगणती कच्चे रस्ते आहेत. कॅन्ससमधील एम्पोरिया या गावी २००६ पासून अशा रस्त्यांवर दोनशे मैलांची शर्यत भरू लागली, आणि २०२२ मध्ये इटलीत या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. शर्यतीच्या सायकलसारखे वळलेले हँडल, पण टायर रुंद, साधारणतः ३८ ते ५० मिलिमीटरचे, चढासाठी हलके गिअर, डिस्क ब्रेक, आणि चाकाभोवती चिखल निसटून जाईल एवढी मोकळी जागा. माळव्याच्या काळ्या मातीत पावसाळ्यात ज्याने सायकल घातली असेल, त्याला या मोकळ्या जागेचे मोल कळेल. मडगार्ड आणि चाक यांच्यामध्ये ती माती लिंपल्यासारखी बसते आणि मग सायकलवर बसण्याऐवजी सायकल खांद्यावर घ्यावी लागते.

मौज अशी की आपल्या दूधवाल्याच्या काळ्या सायकलचे टायर २८ बाय दीड इंचाचे, म्हणजे जवळजवळ ४० मिलिमीटर रुंदच असतात. ज्या वस्तूसाठी आज काही हजारांपासून काही लाखांपर्यंत मोजावे लागतात, तिचा मूळ विचार गावोगावचा दूधवाला सत्तर वर्षे चालवीत आला आहे. ज्यांना डांबरी सडक लाभली नव्हती त्यांनी रुंद टायर वापरले. आता डांबरी सडक सोडून जाण्याची हौस असलेले रुंद टायर शोधत आहेत. त्या सायकलला गिअर नव्हते आणि वजन वीस किलोच्या आसपास होते, हा फरक खरा; पण तो सोयीचा फरक आहे, विचाराचा नव्हे.

येथे एक आक्षेप आपल्याच म्हणीतून येतो : एकादशी आणि दुप्पट खाशी. साधेपणासाठी लाखभर रुपये खर्चणे, आणि टेकडीच्या पायथ्यापर्यंत ती सायकल मोटारीच्या टपावर बांधून नेणे, ही साबुदाण्याच्या खिचडीवर तूप ओतून केलेली एकादशीच नव्हे काय? आक्षेप चुरचुरीत आहे, पण तो पूर्णपणे लागू पडत नाही. आनंदासाठी केलेल्या गोष्टीला आनंदापलीकडे समर्थन लागत नाही. रविवारी पहाटे मुरमाच्या वाटेने जाताना वाऱ्यातला गव्हाचा वास लागणे, आपल्याच श्वासाचा आवाज कानी पडणे, हे स्वतःपुरते पूर्ण आहे. कोणी सतार विकत घेतली म्हणून आपण त्याला हिशेब विचारीत नाही. आक्षेप लागू पडतो तो हौसेला पुण्य म्हणू लागल्यावर. ‘मी पर्यावरणासाठी चालवतो’, ‘मी साधेपणाने जगतो’ असे म्हटले की आपण छंदाच्या दालनातून व्रताच्या दालनात पाऊल ठेवतो, आणि व्रताला नियम असतात.

पहिला नियम असा की व्रत सोयीच्या दिवशी पाळून चालत नाही. म्हणून कामावर सायकलने जाणे ही मला या विषयातील खरी कसोटी वाटते. रविवारी आपण रस्ता निवडतो; सोमवारी रस्ता आपल्याला वाट्याला येतो. रविवारची चढण ही पराक्रमाची गोष्ट असते. सोमवारचा उड्डाणपूल हा केवळ अडथळा असतो. घामाने भिजलेला सदरा, कचेरीत हातपाय धुवायला नसलेली जागा, बसचा कर्कश हॉर्न, दुपारचे ऊन आणि सायकल नेमकी कोठे ठेवावी हा प्रश्न, हे सारे एकाच आठवड्यात शिकायला मिळते. आणखी एक धडा सूक्ष्म आहे. साहेब सायकलने आले की त्यांचे कौतुक होते. शिपाई तीस वर्षे सायकलनेच येत असतो आणि त्याची सायकल भिंतीच्या मागे ठेवायला सांगितलेली असते. उपासाचे कौतुक करणारे घर उपासमारीकडे पाठ फिरवून बसलेले असते, ते असे.

ऑस्ट्रियात जन्मलेले विचारवंत इव्हान इलिच यांनी १९७४ च्या ‘एनर्जी अँड इक्विटी’ या पुस्तकात एक हिशेब मांडला होता. सर्वसाधारण अमेरिकन माणूस मोटारीत बसणे, तिच्यासाठी कमावणे, तिची देखभाल करणे यांत वर्षाला १६०० तास घालवतो आणि त्या मोबदल्यात ७५०० मैल जातो. म्हणजे ताशी सुमारे साडेसात किलोमीटर. सायकल याहून सहज वेगाने जाते. इलिच यांचा रोख असा की ठरावीक मर्यादेपलीकडे एकाचा वेग दुसऱ्याच्या वेळेवर आणि जागेवर अतिक्रमण करूनच उभा राहतो. महात्मा गांधींनी १९०९ च्या ‘हिंद स्वराज्य’मध्ये रेल्वेवर टीका करताना माणसाच्या हातापायांनाच त्याच्या प्रवासाची मर्यादा मानले होते. सायकल ही या मर्यादेच्या नेमक्या उंबरठ्यावर उभी आहे. ती यंत्र खरी, पण तिचे इंधन माणसाचेच पाय आहेत. म्हणून ती चालविणाऱ्याला वेग मिळतो तो कोणाच्या वाट्यातून काढून घेतलेला नसतो.

परंतु एवढ्यावर समाधान मानणे बरे नव्हे. वाईट रस्त्याला रुंद टायर हे उत्तर खरे, पण ते खाजगी उत्तर आहे. पाणी अशुद्ध आले की ज्याला परवडते तो घरात यंत्र बसवतो आणि नळाविषयी बोलणे थांबवतो. तसेच येथे होऊ शकते. ज्याच्याजवळ रुंद टायर, तेजस्वी दिवा आणि उत्तम हेल्मेट आहे, तो खड्ड्यांतून सुखरूप जातो आणि खड्डा दुसऱ्यासाठी तसाच राहतो. भारतात २०२२ मध्ये रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांत साडेचार हजारांहून अधिक सायकलस्वार होते. त्यांच्यापैकी किती जणांनी ती सायकल निवडली होती, हे कोणतेही कोष्टक सांगत नाही. पण या देशात सायकल कोण चालवतो हे आपण सारे जाणतो.

नेदरलँड्स हा आज सायकलींचा देश म्हणून ओळखला जातो, पण तो स्वभावाने तसा नव्हता. १९७१ मध्ये तेथे तीन हजारांहून अधिक माणसे रस्त्यांवर मरण पावली आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. त्यानंतर ‘मुलांची हत्या थांबवा’ या अर्थाच्या नावाची चळवळ उभी राहिली. ज्यांचा आवाज ऐकला जात होता अशा आईबापांनी, पत्रकारांनी रस्ते अडवले, निवेदने दिली, आराखडे मागितले. मग १९७३ च्या तेलसंकटाने सरकारचे कान अधिक उघडले. आज तेथील जे सायकलमार्ग आपण कौतुकाने पाहतो, ते चांगल्या सायकली विकत घेतल्याने झालेले नाहीत. ते मागितल्याने झाले आहेत.

येथे उपास करणाऱ्याचे ऋण स्पष्ट होते. उपासमार सोसणाऱ्याजवळ नसलेली एक गोष्ट त्याच्याजवळ आहे : त्याचे म्हणणे ऐकले जाते. कारखान्याच्या पाळीला निघालेल्या माणसाला महापालिकेत अर्ज घेऊन जायला सुट्टी नाही आणि गेला तर खुर्ची नाही. सायकलपटूला दोन्ही आहे. त्याने रविवारच्या फेरीसाठी पहाटे रस्ता बंद ठेवण्याची मागणी केली तर ती हौसेची मागणी होय. त्याने सांवेर रोडवर संध्याकाळी दिवे लागावेत, चौकात सायकलला सुरक्षित वाट असावी, कचेरीतील शिपायाच्या सायकलला छप्पर असावे अशी मागणी केली, तर त्याच्या सायकलला व्रताचा अधिकार प्राप्त होतो. आपल्या परंपरेत व्रताच्या शेवटी उद्यापन सांगितले आहे. त्यात दुसऱ्याला जेवू घातल्यावाचून व्रत पुरे होत नाही.

सायकल कोणती घ्यावी हा प्रश्न त्यामुळे दुय्यम ठरतो, निरर्थक नव्हे. ज्याला मुरमाच्या वाटेची ओढ आहे त्याने रुंद टायरची घ्यावी, ज्याला रोज कचेरीत जायचे आहे त्याने मडगार्ड, कॅरिअर आणि दिवा बसवता येईल अशी पाहावी, आणि खिशाला झेपेल तीच घ्यावी. माळ्यावरची जुनी सायकल उतरवून दुरुस्त केली तरी पुष्कळांचे काम भागेल. फक्त सिग्नलला शेजारी डब्याची पिशवी लटकवलेली सायकल येऊन थांबली, तर तिच्यावरचा माणूसही याच रस्त्याचा तितकाच धनी आहे, एवढे ध्यानात असू द्यावे.